शाळेचं नाव आणि मोठ्या संस्थेचं दार: देवगड तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी कणकवली भागातल्या ज्युनिअर कॉलेजात तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर क्लास काढला नाही. जून उजाडला की दहावीचा निकाल हातात घेऊन पालक घरी येतात आणि ओटीवर बसून बोलणं होतं, एवढंच. हे प्रकरण त्यातलंच. घरच्यांना विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलंय, काही तपशील बदललेत.

घर देवगड तालुक्यातलं. वडिलांची हापूसची शंभरेक कलमं, आई अंगणवाडी सेविका, आजी घरात, मुलगी दहावीला आणि तिच्यामागे एक भाऊ. काका डोंबिवलीला, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारा, पक्का चाकरमानी. मुलगी गावच्या हायस्कुलात सेमी इंग्रजीत शिकलेली. 2 जून 2023 ला निकाल लागला. तिला पाचशेपैकी चारशे ब्याऐंशी, म्हणजे 96.4 टक्के. तालुक्याच्या ठिकाणी सत्कार झाला, पेपरात फोटो आला.

त्या वर्षी कोकण मंडळाचा निकाल 98.11 टक्के होता. राज्यात पहिला. राज्याचा एकूण 93.83. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ वर्षानुवर्षं पहिलं येतं आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. पण पास होणाऱ्यांचं प्रमाण वेगळं आणि देशभरातल्या चढाओढीत पुढे जाणं वेगळं. ही गोष्ट सत्काराच्या दिवशी कोणी बोलत नाही. मीही बोललो नाही.

प्रश्न काय होता

चौथ्या दिवशी वडील आले. पायरीवर चपला काढता काढताच म्हणाले, "सर, चेडवाक मुंबैक धाडूचा काय नाय, तेवढाच सांगा."

तेवढंच नव्हतं. मुलीला आयआयटीत जायचं होतं, निदान त्या जूनमध्ये तरी. काकांनी दक्षिण मुंबईतलं एक फार नावाजलेलं कॉलेज सुचवलं होतं. त्यांच्या साहेबांचा मुलगा तिथून आयआयटीत गेला होता. काकांचं म्हणणं सरळ होतं: "दादा, तिथली पोरं आयआयटीत जातात, परदेशात जातात. नाव मोठं असलं की दारं उघडतात. गावातल्या कॉलेजाला कोण ओळखतो?"

मी सांगितलं की आयआयटीच्या दारात कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही. त्यावर वडिलांनी जे विचारलं त्याचं धड उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. "कोण इचारणा नाय, तर लोक लाखांनी पैसे कित्याक भरतत?"

आता दोन वर्षांनी उत्तर देता येतं. त्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले होते. निवडणारा माणूस शाळेचं नाव बघतो का, हा एक. त्या शाळेत राहून मूल वेगळं घडतं का, हा दुसरा. मी पहिल्याचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याचंही तेच असेल असं धरून चाललो.

पहिल्याचं उत्तर कुठे जायचंय त्यावर ठरतं. आयआयटीसाठी आधी जेईई मेन ही देशभरातली प्रवेश परीक्षा, तिथले वरचे अडीच लाख जेईई अॅडव्हान्स्ड या दुसऱ्या परीक्षेला, आणि मग फक्त क्रमांक. बारावीत 75 टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे पहिल्या वीस टक्के मुलांत, असलं की झालं. अनुसूचित जातीजमातींना आणि दिव्यांगांना 65. मार्क दक्षिण मुंबईत मिळवले की कणकवलीत, याला काडीचीही किंमत नाही. दिल्ली विद्यापीठ 2021 पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश द्यायचं, तिथल्या काही कॉलेजांचा कटऑफ शंभर टक्क्यांना जाऊन टेकला होता. 2022 पासून तिथेही सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आली. इंजिनिअरिंगला आपल्याकडे राज्याची एमएचटी-सीईटी आहेच.

अमेरिकेतल्या बड्या खासगी विद्यापीठांची रीत निराळी. तिथे अर्जासोबत शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र जातं, वर्गाबाहेर काय केलं ते मोजलं जातं. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी 2023 मध्ये दाखवून दिलं की प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना अशा विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून अधिक संधी मिळते. त्यामागच्या कारणांत एक असं की अभ्यासाबाहेरच्या गुणांचं मूल्यमापन खासगी शाळांतल्या मुलांच्या बाजूला झुकतं. म्हणजे काका अगदीच चूक नव्हते. मुलगी बोस्टनला जायची असती तर मी त्यांचं ऐकलं असतं. तिला पवईला, आयआयटीत जायचं होतं.

दुसऱ्या प्रश्नावरही अमेरिकेतलंच एक काम मला माहीत होतं आणि त्यानेच मी जास्त ठाम झालो. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळांना प्रवेश परीक्षा असते. न्यूयॉर्कची स्टायव्हसंट त्यातली सर्वांत प्रसिद्ध. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थतज्ज्ञांनी कटऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली. 2014 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, एका बाजूला वर्गमित्र कितीतरी हुशार असूनही पुढच्या परीक्षांतल्या गुणांत जवळजवळ फरक दिसला नाही. नामांकित शाळेचा निकाल चांगला दिसतो तो मुळात निवडून घेतलेल्या मुलांमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर पेटीत वर चांगली फळं मांडली म्हणून झाड बदलत नाही. हा दृष्टांत मी वडिलांना दिला. त्यांना पटला. तो इतका सहज पटायला नको होता, कारण न्यूयॉर्कमधल्या कटऑफखालच्या मुलाची शाळाही न्यूयॉर्कमध्येच होती, देवगड तालुक्यात नव्हती.

समोरचे पर्याय

मुंबईचं नावाजलेलं कॉलेज. 96.4 ला विज्ञान शाखेत जागा मिळण्याची आशा होती. मुंबईची अकरावी तेव्हाही ऑनलाइन होती, आमच्याकडे कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा. राहायचं काकांकडे. डोंबिवलीहून रोज लोकलने सव्वा तास जायला, तेवढाच यायला, त्यात गर्दीच्या वेळी डोंबिवलीला गाडीत शिरणं हीच एक प्रवेश परीक्षा. शिवाय जेईईचा क्लास वेगळा. त्या कॉलेजातली जेईईवाली बरीच मुलं वर्गात कमी आणि क्लासला जास्त असतात, हे काकांनाही ठाऊक होतं.

दुसरा पर्याय पुण्याचं किंवा लातूरचं क्लासशी जोडलेलं कॉलेज, हॉस्टेलसकट. आम्ही चौकशी केली तिथे दोन वर्षांचे साडेचार लाख सांगितले. त्या हंगामात बागेत फळ कमी होतं, वाशीच्या दलालाकडून आलेला हिशोब वडिलांनी माझ्यासमोर वहीत काढला. सोसायटीचं कर्ज फेडून उरलेल्या रकमेत एक वर्षही बसत नव्हतं.

सावंतवाडीजवळ सांगेलीला नवोदय आहे. तिथे शिकणं, राहणं, जेवण सरकारी खर्चाने. पण नवोदयचा खरा प्रवेश सहावीत. अकरावीत रिकाम्या जागा असतील तितक्याच भरतात आणि त्याची चौकशी आम्ही निकालानंतर सुरू केली. उशीर झाला होता. विषय तिथेच संपला.

उरलं कणकवलीचं ज्युनिअर कॉलेज. मावशीकडे राहायचं, शनिवारी एसटीने घरी. जेईईसाठी मी, एक तरुण रसायनाचे शिक्षक आणि मोबाइल.

आजी एवढंच म्हणाली, "शिकूक जाऊंदे, पण थंय तिका पोटभर जेवक कोण घालतला?" तेव्हा आम्ही हसलो. पण ज्यांनी मुली शहरात ठेवल्यात त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल.

निर्णय

निर्णय पैशाने झाला हे कबूल करायला हवं. मी त्याला तत्त्वाचा मुलामा दिला. नाव महत्त्वाचं नाही, मेहनत महत्त्वाची, असं म्हटलं की न परवडणाऱ्या गोष्टीची खंत कमी होते. घरच्यांना त्याने बरं वाटलं. मुलीला काय वाटलं ते मी त्या दिवशी विचारलंच नाही. पुढे ती सांगत होती, तिला मुंबईला जायचं होतं. आयआयटीसाठी नव्हे, "मला माझ्याहून हुशार मुलं बघायची होती."

त्या वेळी मी हे वाक्य ऐकलं असतं तर कदाचित वेगळं बोललो असतो.

गावातला, तिच्याच वर्गातला एक मुलगा त्याच जूनमध्ये मुंबईला गेला. 95 च्या आसपास टक्के, आत्या परळला राहायची म्हणून सोय झाली. काकांनी सांगितलेल्या कॉलेजाच्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजात त्याला जागा मिळाली. त्याची हकीकत पुढे येते. एकाच मुलावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नव्हतं.

दोन वर्षं

अकरावी सुरळीत गेली आणि तोच घोटाळा होता. मुलगी वर्गात पहिली, दुसऱ्या नंबरात आणि तिच्यात चाळीस मार्कांचं अंतर. कॉलेज खूश, मी खूश. ती रोज पाच तास अभ्यास करायची आणि त्याहून जास्त करायला तिला कारण दिसत नव्हतं.

अकरावीच्या मे महिन्यात जेईई मेन घेणाऱ्या एनटीएची सराव परीक्षा वेळ लावून दिली. तीनशेपैकी एकशे बारा. रसायनात कोसळली होती. रात्री वडिलांचा फोन आला, ती जेवली नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मी खरंच हुशार आहे की इथल्यापुरती?" सोळा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न परीक्षेच्या आठ महिने आधी पहिल्यांदा पडावा, हे काही बरं नव्हे. परळला राहणाऱ्या त्या मुलाला तो पहिल्या आठवड्यात पडला होता.

त्यानंतर आम्ही सावरलो. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचा 'साथी' हा फुकट ऑनलाइन उपक्रम 2023 मध्ये सुरू झाला होता, त्यावर तिने रसायन पुन्हा केलं. एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचली. कोल्हापूरच्या एका क्लासची चाचणी मालिका घेतली, त्यात इतर मुलांच्या यादीत आपला नंबर दिसायचा. साडेसहा हजार रुपये. दोन वर्षांत खर्च केलेल्या पैशांत सर्वांत कामी आलेले हेच. पहिल्या चाचणीत साडेचारशे मुलांत ती एकशे सत्तरावी आली आणि रागाने म्हणा, लाजेने म्हणा, अभ्यासाला बसली.

भाषेचाही एक अडथळा. जेईई मेनचा पेपर 2021 पासून मराठीतही मिळतो, पण अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजीत किंवा हिंदीत. सेमी इंग्रजीची मुलं सूत्राला अडत नाहीत, लांबलचक परिच्छेदाच्या गणिताला अडतात. म्हणून मेनही तिने इंग्रजीतच द्यायचं ठरवलं. माझ्या सगळ्या सल्ल्यांमधला हा एक निखालस बरोबर ठरला.

आता सर्वांत मोठी चूक. घर ओबीसीत येतं. मुलीकडे जातीचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेअरही होतं, सगळं प्लास्टिकच्या फाइलीत. फेब्रुवारी 2025 मध्ये सहज बघताना लक्षात आलं की ते राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि तेही त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं. म्हणजे आधी काढून ठेवण्याचाही उपयोग नाही. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा हंगाम. वडील पहाटे बागेत, दुपारी पेट्या भरायला, रात्री गाडी लावायला. त्यातून सेतू केंद्र आणि प्रांत कार्यालयाच्या चार खेपा. एकदा अर्ज परत आला कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. दाखला हातात पडला तेव्हा मुदतीला सहा दिवस उरले होते. तो मिळाला नसता तर ती खुल्या यादीत गेली असती. त्या वर्षी अॅडव्हान्स्डला पात्र ठरण्यासाठी खुल्या वर्गाला 93.10 पर्सेंटाइल लागलं, ओबीसीला 79.43. पुढे जागा मिळतानाचं अंतर याहून बोचरं असतं.

मुंबईच्या त्या मुलाला हे अकरावीतच समजलं होतं. कोणी व्याख्यान दिलं नव्हतं, कॅन्टीनमध्ये एका सीनिअरने सांगितलं.

निकाल

बारावीला 91 टक्के. जेईई मेनला 97 पर्सेंटाइलच्या थोडं वर. अॅडव्हान्स्ड 18 मे 2025 ला. केंद्र कोल्हापूर, आदल्या दिवशी फोंडा घाटातून वडिलांबरोबर गेली. सुमारे एक लाख ऐंशी हजार मुलांनी दोन्ही पेपर दिले, 54,378 पात्र ठरली. ती त्यात होती. पण आयआयटीच्या जागा सगळ्या मिळून 18,160 आणि ओबीसी यादीतला तिचा क्रमांक शेवटच्या फेऱ्यांपर्यंत काठावर राहिला. मुलींचं प्रमाण निदान वीस टक्के व्हावं म्हणून आयआयटीत 2018 पासून वाढीव जागा ठेवल्या आहेत, त्यांचाही हिशोब केला. एका नव्या आयआयटीत तिला नको असलेली शाखा कदाचित मिळाली असती.

एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. त्यांतल्याच नागपूरच्या व्हीएनआयटीत तिला प्रवेश मिळाला, मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र घेतलं. काका थोडे हिरमुसले. मुलगी मात्र पहिल्या महिन्यातच फोनवर म्हणाली, इथे गणित कच्चं असणारी कोणी नाही, मजा येते.

मुंबईच्या मुलाचं काय? मेनला 91 पर्सेंटाइल, खुला वर्ग. अॅडव्हान्स्ड हुकली. प्रवासाने आणि क्लासने दमायचा, बारावीत दोनदा आजारी पडला. ज्यांना नुसते क्रमांक मांडायचेत त्यांच्यासाठी गोष्ट इथे संपते: गावातली पुढे, शहरातला मागे.

पण त्याने आणखी एक परीक्षा दिली होती. गणित आवडायचं म्हणून वर्गमित्रांनी त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आणि चेन्नईच्या गणित संस्थेच्या प्रवेशाबद्दल सांगितलं. कोलकात्याला बी.स्टॅट., बेंगळुरूला बी.मॅथ., तेही विद्यावेतनासह. त्यांतल्या एका ठिकाणी तो लागला. ते माझ्याही तोंडून या मुलीला दोन वर्षांत एकदाही आलं नाही, कारण माझ्याच डोक्यात ते नव्हतं. तिचं गणित त्याच्याहून चांगलं. हायस्कुलात दोघं एका बाकावर बसायची, त्याची गणितं ती तपासून द्यायची.

काय वेगळं करता आलं असतं

मुंबईला पाठवायला हवं होतं, असं मी आजही म्हणत नाही. डोंबिवलीची लोकल आणि क्लासची फी पाहता ती तिथे टिकली असती की नाही, सांगता येत नाही. चूक दुसरीकडे झाली. नाव विकत घ्यायचं नाही ठरवल्यावर त्या नावाखाली काय काय मिळतं याची यादी करायला हवी होती आणि त्यातलं जे गावात आणता येईल ते आणायला हवं होतं. चाचणी मालिका अकरावीच्या पहिल्या महिन्यात घेता आली असती, साडेसहा हजार तेव्हाही होते. केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यासाठी कागदपत्रांवरची नावं तेव्हाच जुळवून ठेवता आली असती, म्हणजे एप्रिलमध्ये एका खेपेत काम झालं असतं.

गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी आयओक्यूएम. आठवी ते बारावीच्या मुलांना देता येते, साधारण सप्टेंबरमध्ये असते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर पुढच्या पायऱ्यांसह सगळी माहिती असते. तिने ती एकदा दिली असती तर पास-नापास राहू दे, सोबत कोण धावतंय ते दिसलं असतं. मी भौतिकशास्त्राचा माणूस, गणिताच्या परीक्षांकडे बघितलंच नाही. आमच्या कॉलेजात गणिताचे शिक्षक दोन वर्षं तासिका तत्त्वावर होते, दर सहा महिन्यांनी नवे. त्यांना तरी कोणत्या तोंडाने विचारायचं?

आणखी एक. निर्णय झाला त्या जूनच्या बैठकीत बोलणारे चौघेही मोठे होतो आणि जिचं आयुष्य ठरत होतं ती आत कोकम सरबत करत होती. आता कोणी आलं की मी आधी मुलाला एकट्याला मागच्या पडवीत घेऊन जातो आणि विचारतो, तुला तिथे कशाला जायचंय? उत्तरं अजब येतात. एकाला फक्त घरातून सुटायचं होतं. एकीला प्रयोगशाळा हवी होती, ज्यात उपकरणं कपाटाबाहेर असतात.

आणि न्यूयॉर्कचा तो अभ्यास मी हल्ली कोणाला सांगत नाही. सांगितलाच तर आधी विचारतो, तुमच्या दुसऱ्या पर्यायाच्या शाळेत गणिताला कायमचा शिक्षक आहे का?

यंदा गणपतीत मुलगी सुट्टीवर आली होती. वडील नारळ आणि करंज्या घेऊन आले, बसले, आंब्याच्या मोहोराबद्दल, खतांच्या भावाबद्दल बोलले. उठताना उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "सर, धाकटो आता आठवीत गेलो. तुमी तो गणिताचो फॉर्म म्हणालात, तो कधी सुटता?"